लांबच्या रुग्णालयांतल्या रेसिडेंट्सना व्हीसीवर शिकवताना नेमकं काय सांभाळायचं?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. एका मुख्य शिक्षण-रुग्णालयातून सहा लांबच्या रुग्णालयांतल्या पीजी (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या) रेसिडेंट डॉक्टरांना दर आठवड्याला दीड तास व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) शिकवायचा कार्यक्रम सुरू आहे. सर्जरी, मेडिसिन, रेडिओलॉजी आळीपाळीने. प्रत्येक ठिकाणी दोन ते चार जण, भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर कॅमेरा, टेबलावर एक मायक्रोफोन. समन्वय माझ्याकडे आहे. अडचणी अशा:

लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) थेट दाखवतो तेव्हा ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) मॉनिटरवर चित्र लख्ख असतं. पलीकडे मात्र हत्यारं उड्या मारत सरकतात आणि जरा रक्त आलं की सगळं चौकोनी ठिगळांचं होतं.

मुख्य सभागृहातून बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो. मायक्रोफोन तीनदा बदलून झाले.

सीटी आणि छातीचे एक्स-रे स्क्रीन शेअर करून दाखवतो. पलीकडून "सर, एक्स-रेवरची ती लाइन दिसत नाहीये" हे ठरलेलं वाक्य.

आणि सगळ्यात मोठी तक्रार शिकवणाऱ्यांची: सहा चौकटी गप्प बसून असतात. "काही शंका?" विचारलं की शांतता.

सगळीकडे ५० एमबीपीएसची लाइन आहे असं सांगितलं जातं. आता ४के कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आलाय. त्याने फरक पडेल का?

तारजोडणी

४के कॅमेऱ्यांचा प्रस्ताव तूर्त फायलीतच राहू द्या. तुम्ही लिहिलेल्यातली एकही अडचण कॅमेऱ्यामुळे आलेली नाही.

आधी आवाजाचं बघा. चित्र दोन सेकंद थिजलं तरी वर्ग चालू राहतो. आवाज दोन सेकंद तुटला तर "आठ मिलिग्रॅम" की "साठ मिलिग्रॅम" हे कळत नाही. प्रतिध्वनीचा नियम साधा आहे: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याची खोली निर्दोष, दोष समोरच्या कुठल्यातरी खोलीत. म्हणून सभागृहातले मायक्रोफोन बदलून काही होणार नाही. सभागृहातून एकाने सावकाश आकडे म्हणत राहावं आणि तुम्ही एकेक केंद्र म्यूट करत जा. ज्याला म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबेल ते केंद्र धरा. तिथे बहुतेक तीनपैकी एक सापडेल. टीव्हीचा आवाज फार मोठा आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडासमोर. किंवा त्याच खोलीत कोणीतरी मोबाइलवरूनही त्याच मीटिंगमध्ये शिरलेलं. किंवा टीव्हीचा 'सिनेमा' वगैरे साउंड मोड चालू. हा मोड आवाज उशिरा सोडतो आणि त्याचा पोत बदलतो, त्यामुळे इको कॅन्सलेशनला (प्रतिध्वनी कापणाऱ्या यंत्रणेला) कुठला आवाज कापायचा तेच उमगत नाही. चार माणसांच्या खोलीला यूएसबी स्पीकरफोन पुरतो. माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असलेला घ्या, टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवा, डबा बोलणाऱ्यापासून मीटरभराच्या आत आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा. डब्यात स्वतःचं इको कॅन्सलेशन असेल तर सॉफ्टवेअरमधलं दुसरं कमी करा किंवा बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि वाक्याची पहिली अक्षरं गिळली जातात.

आता चित्र. तुम्ही एंडोस्कोपीचं चित्र लॅपटॉपच्या पडद्यावर उघडून स्क्रीन शेअर करत असणार. स्क्रीन शेअर मुळात कागद आणि स्लाइड दाखवायला बनवलेलं आहे. अक्षर स्पष्ट राहावं म्हणून ते चौकटींची (फ्रेम्सची) संख्या बेधडक कमी करतं, सेकंदाला पाच-दहावर आणून ठेवतं. उड्या त्याच्याच. यावर दोन उपाय आहेत. शेअर करताना 'व्हिडिओ क्लिप' किंवा 'मोशन' नावाचा पर्याय निवडायचा, म्हणजे ते ३० चौकटींकडे जातं. याहून बरं म्हणजे टॉवरचं (दुर्बिणीची यंत्रं आणि मॉनिटर ठेवलेल्या ट्रॉलीचं) आउटपुट कॅप्चर कार्डातून (चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या उपकरणातून) थेट कॅमेरा म्हणूनच मीटिंगमध्ये द्यायचं आणि सगळ्यांना तीच चौकट मोठी करून द्यायची. फक्त त्या लॅपटॉपवर पार्श्वभूमी धूसर करणं, चेहरा उजळवणं, कमी उजेडात सुधारणा करणं हे सगळं बंद करा. ते सॉफ्टवेअर यकृतात माणसाचा चेहरा शोधत बसतं आणि पित्ताशयाचा रंग स्वतःच्या मनाने बदलतं. सेटिंगमध्ये एचडी पाठवण्याची खूणही करा, अनेकदा ती मुळात बंदच असते.

टॉवरच्या मागे चित्र बाहेर नेण्यासाठी सहसा डीव्हीआय आणि एसडीआय या जोडण्या असतात, काहींना एचडीएमआय. एसडीआय घ्या. त्याचं टोक फिरवून अडकवायचं असतं, ट्रॉली सरकवली तरी निसटत नाही. चांगल्या कोअॅक्स केबलवर ते कित्येक मीटर लांब नेता येतं. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरनंतर दगा द्यायला लागते. आउटपुट १०८०पी ठेवा, १०८०आय (चौकट दोन अर्ध्यांत पाठवणारं) नको, नाहीतर हलणाऱ्या हत्याराच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. टॉवर ५० हर्ट्झवर असेल तर कॅप्चर २५ वर, ६० वर असेल तर ३० वर. ५० मधून ३० काढायला गेलात की चौकटी सारख्या अंतराने पडत नाहीत आणि हालचाल अडखळते.

रक्त आलं की ठिगळं पडतात त्यामागे दोन कारणं आहेत. व्हीसीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या मानाने आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना निम्मीच पाठवतात. बारकावे टिकतात ते उजेडातल्या फरकामुळे, आणि एचडीच्या उजेडाच्या हिशेबात लाल रंगाचा वाटा साधारण २१ टक्केच असतो. म्हणजे लालात लाल असलेली कड आधीच अशक्त. वर सक्शन-इरिगेशन (पाणी सोडून ओढून घेणं) चालू झालं की अख्खी चौकट बदलते आणि ठरलेल्या बिटरेटमध्ये (सेकंदाला पाठवायच्या माहितीत) ती मावत नाही. १०८०पी ३० चौकटींना ३ ते ४ एमबीपीएस लागतातच. तेवढे मिळत नसतील तर ७२०पी वर उतरा. पूर्ण बिटरेट मिळालेलं ७२०पी हे उपाशी १०८०पीपेक्षा कधीही चांगलं दिसतं.

५० एमबीपीएस हा आकडा उतरत्या दिशेचा (डाउनलोडचा). चढत्या दिशेला (अपलोडला) किती आहे ते विचारा, ओटीचं चित्र त्या दिशेने जातं. आणि वेगापेक्षा या तीन गोष्टी मोजा: पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी माहिती) १ टक्क्याखाली, जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांखाली, एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयूच्या जी.११४ शिफारशीतला आकडा, ४०० च्या पुढे संभाषण म्हणता येत नाही). लाइन उपग्रहावरची असेल आणि उपग्रह भूस्थिर असेल तर वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, तिथे या आकड्याची आशा सोडा. मोजणी सत्राच्याच वारी आणि त्याच वेळी अर्धा तास करा, आणि व्हीसी सॉफ्टवेअरमधल्या आकडेवारीच्या खिडकीत बघा. वेग मोजणाऱ्या वेबसाइटवर नको.

सत्र दर आठवड्याला विशिष्ट वेळेलाच अडखळत असेल तर रेडिओलॉजीला विचारा, त्या वेळी पॅक्सचा (स्कॅन साठवणाऱ्या प्रणालीचा) बॅकअप किंवा सीटी पाठवणं चालू असतं का. एका रुग्णाच्या स्कॅनचा मोठा संच वर चढायला लागला की राउटरच्या रांगेत तुमची आवाजाची पॅकेट्स त्याच्या मागे उभी राहतात. बॅकअप रात्री टाका, नाहीतर राउटरवर त्याला मर्यादा घाला.

रुग्णालयाच्या फायरवॉलने यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पाठवण्याची पद्धत) अडवलं असेल तर व्हीसी गुपचूप टीसीपीवर जातं. टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं आणि ते येईपर्यंत मागचं सगळं थांबवतं. तुमच्याकडे "थिजतं आणि मग धावत सुटतं" असं होत असेल तर हेच. आयटीवाल्यांकडून त्या सेवेचे यूडीपी पोर्ट उघडून घ्या. आणि वाय-फाय नको, केबल.

काळीपांढरी

रेडिओलॉजीपुरतं लिहितो. चित्र व्हीसीतून दाखवूच नका.

छातीच्या डिजिटल एक्स-रेला एका बाजूला दोन हजारांहून जास्त पिक्सेल असतात. शेअर केलेल्या पडद्याची उंची १०८०, त्यातून खिडकीच्या पट्ट्या वजा. न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाभोवती हवा साठल्याची) बारीक प्लुरल (फुप्फुसाच्या आवरणाची) रेघ तुमच्या लॅपटॉपवर आकार लहान होतानाच गेलेली असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सीटीचं त्याहून वाईट. मूळ पिक्सेल १२ बिटचा, व्हीसीत ८ बिट, आणि लंग विंडोवरून बोन विंडोवर (फुप्फुस दिसणाऱ्या मांडणीवरून हाड दिसणाऱ्या मांडणीवर) जायचं तर ते फक्त शिकवणाऱ्याच्या हातात. तीनशे स्लाइस झरझर फिरवल्या की कॉम्प्रेशन त्यांचा चिखल करतं. बघणाऱ्याला नोड्यूल (छोटी गाठ) आणि रक्तवाहिनी यांतला फरक कळतो तो स्वतः वर-खाली फिरवून. तो अनुभवच हिरावला जातो.

करायचं असं. केसेस निनावी करून वेब व्ह्यूअर असलेल्या शिक्षण-पॅक्सवर आदल्या दिवशी टाका. प्रत्येक रेसिडेंटने स्वतःच्या संगणकावर उघडून स्वतःचं वाचन लिहून ठेवायचं. सत्रात एका केंद्रातल्या रेसिडेंटने स्वतःचा पडदा शेअर करून केस चालवायची, शिकवणाऱ्याने फक्त "सिरीज ३, इमेज ११४" असं म्हणायचं. बाकीच्यांनी आपापल्या व्ह्यूअरमध्ये तीच इमेज काढायची. व्हीसी उरतं ते बोलण्यापुरतं आणि बाण दाखवण्यापुरतं. मॅमोग्राफी तर टीव्हीवर काढूच नका, तिला ५ मेगापिक्सेलचा मॉनिटर लागतो.

निनावी करताना फक्त डायकॉम हेडरमधलं (स्कॅनच्या फाइलला जोडलेल्या माहितीतलं) नाव पुसून भागत नाही. सोनोग्राफीच्या चित्रातच नाव भाजलेलं असतं, तो पट्टा काळा करावा लागतो. पॅथॉलॉजीवाल्यांच्या स्कॅन केलेल्या स्लाइडच्या फाइलमध्ये काचेवरच्या लेबलचा वेगळा फोटो लपलेला असतो. व्ह्यूअरमध्ये तो दिसत नाही, फाइल डाउनलोड केली की रुग्णाचं नाव समोर. डोक्याच्या पातळ स्लाइसच्या सीटीवरून चेहरा त्रिमितीत उभा करता येतो हेही लक्षात ठेवा.

ईसीजीचे मोबाइलवर तिरके काढलेले फोटो ही आणखी एक डोकेदुखी. सपाट स्कॅन, ३०० डीपीआय, आणि २५ मिमी प्रतिसेकंद व १० मिमी प्रतिमिलिव्होल्ट ही खूण कापली न गेलेली. एवढं मेडिसिनवाल्यांना सांगा.

पाठचा बाक

मृण्मयीताई, गप्प चौकटींचं कारण लाइनमध्ये सापडणार नाही. ते तासाच्या बांधणीत आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या मनोरुग्ण संस्थेने १९५९ मध्ये दुहेरी टीव्हीवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं आणि १९६४ मध्ये ११२ मैल लांबच्या नॉरफोक राज्य रुग्णालयाला जोडून घेतलं. तंत्र तेव्हापासून किती बदललं. पण मुख्य सभागृहात व्याख्यान आणि लांबचे लोक प्रेक्षक, ही घडी बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. ती मोडली प्रोजेक्ट एकोने. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी ते सुरू केलं. केस लांबच्या डॉक्टरची, रुग्णही त्याच्याकडेच राहणार, तज्ज्ञांचं मंडळ दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसणार. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४०७ रुग्णांची तुलना आली. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के आणि लांबच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्णांत विषाणू टिकाऊपणे नाहीसा झाला होता. लांबचे उपचार करणारे तिथे तज्ज्ञ नव्हते, प्राथमिक सेवेतले होते. शिकणं रुग्णापर्यंत पोचलं याचा इतका सरळ पुरावा या क्षेत्रात फारसा मिळत नाही.

त्यातून उचलायचं ते सत्राचा क्रम. दीड तासात व्याख्यान जास्तीत जास्त १५ ते २० मिनिटं. उरलेल्यात दोन केसेस, फार तर तीन, आणि सगळ्या लांबच्या केंद्रांकडून. केसचा एकपानी फॉर्म दोन दिवस आधी हवा: वय, लिंग, मुख्य तक्रार, तपासण्या, चालू औषधं, आणि शेवटी एक ओळ, "मला नेमकं काय विचारायचं आहे". ही ओळ रिकामी असेल तर फॉर्म परत पाठवा. रेसिडेंट पाच मिनिटांत केस मांडतो. मग फक्त माहिती विचारणारे प्रश्न, आधी इतर केंद्रांकडून, नंतर तज्ज्ञांकडून. मग सल्ला, पुन्हा त्याच क्रमाने. तज्ज्ञ आधी बोलला की बाकीचे संपले, त्याच्या पुढे तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट तोंड उघडत नाही. शेवटी तज्ज्ञाने दोन मिनिटांत सार सांगायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेच लेखी पाठवायचं.

सूत्रधार तज्ज्ञाहून वेगळा हवा. त्याच्यासमोर केंद्रांची यादी कागदावर असावी आणि कोण किती वेळा बोललं याच्या रेघा त्याने मारत जाव्यात. "काही शंका?" हा प्रश्न व्हीसीवर बाद. "तिसरं केंद्र, तुम्ही या रुग्णाला आज रात्री दाखल कराल का? का?" असं विचारायचं आणि सात-आठ सेकंद गप्प राहायचं. विलंब, म्यूट काढणं, एकमेकांकडे बघणं यात चार सेकंद सहज जातात. शिकवणाऱ्यांना ही शांतता सोसत नाही, तिसऱ्या सेकंदाला ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

दुसरी युक्ती: सगळ्यांनी चॅटमध्ये निदान टाइप करायचं पण पाठवायचं नाही. सूत्रधाराने "पाठवा" म्हटलं की एकदम. पहिल्याचं उत्तर बघून बाकीचे वाहवत नाहीत, आणि कोण कुठे चुकतंय ते शिकवणाऱ्याला एका नजरेत दिसतं.

मुख्य सभागृहाचा कॅमेरा मागच्या भिंतीवरून सगळा हॉल दाखवत असेल तर लांबच्यांना तिथे फक्त टकली दिसतात. तिथल्या रेसिडेंट्सनाही सभागृहात न बसवता आपापल्या लॅपटॉपवर हेडसेट लावून बसवा. मग सगळ्यांची चौकट सारखी होते. तारजोडणी सगळ्यांना म्यूट ठेवायला सांगतील, पण केस चालू असताना मांडणारा रेसिडेंट आणि तज्ज्ञ या दोघांचे माइक उघडेच हवेत. "म्यूट काढा" म्हणेपर्यंत प्रश्न विझतो.

तारजोडणी

@पाठचा बाक, हेडसेट असेल तर दोन काय, पाच माइक उघडे ठेवा, काही बिघडत नाही. माझी अट फक्त स्पीकर लावलेल्या खोल्यांना.

गॅसमन

ओटीबद्दल दोन गोष्टी कोणीच लिहिल्या नाहीत.

पहिली विजेची. टॉवर वैद्यकीय दर्जाच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मुख्य विजेपासून अलग ठेवणाऱ्या) चालतो. त्याला तुम्ही चार्जरवर लावलेला साधा लॅपटॉप तांब्याच्या तारेने जोडला की ते आयसोलेशन मोडलं. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात स्पर्शप्रवाहाची (हात लागल्यावर अंगातून जाणाऱ्या प्रवाहाची) मर्यादा नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअर, एक दोष धरून ५००. साधी उपकरणं त्या मर्यादेत बसतील असं गृहीत धरू नका. एकतर मधला दुवा फायबरचा करा (एसडीआय ते फायबर रूपांतरक मिळतात), किंवा लॅपटॉपही त्याच आयसोलेटेड पुरवठ्यावर घेऊन बायोमेडिकल इंजिनिअरकडून पूर्ण जोडणीची गळती मोजून घ्या. नेटवर्कची केबल हाही तांब्याचाच दुवा आहे, तिला नेटवर्क आयसोलेटर लावा. लॅपटॉप आणि त्याचा पसारा टेबलापासून दीड मीटरच्या पलीकडे. कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं साधन) दाबली की चित्र जात असेल तर कॅप्चर कार्डाची यूएसबी केबल कॉटरीच्या वायरीला समांतर पडलेली आहे का बघा. ती वेगळ्या बाजूने आणा, आखूड आणि शील्ड असलेली वापरा.

दुसरी गोष्ट विलंबाची. २००१ साली न्यूयॉर्कमधून स्ट्रासबूर्गच्या रुग्णाचं पित्ताशय रोबोटने काढलं तेव्हा सरासरी विलंब १५५ मिलिसेकंद होता, आणि त्यासाठी राखीव फायबर होतं. तुमच्या कॅप्चर, एन्कोड, सर्व्हर, डिकोड, टीव्ही या साखळीत ३०० ते ५०० सहज होतात. मोजायचं असेल तर टॉवरच्या स्कोपसमोर (दुर्बिणीसमोर) मोबाइलचं स्टॉपवॉच धरा. शेजारी मोबाइल डेटावर मीटिंगला जोडलेला लॅपटॉप ठेवा आणि दोन्ही पडदे एका फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे विलंब. तेवढ्या वेळात स्कोप पुढे सरकलेला असतो. म्हणून लांबून "इथे कापा" हे वाक्य निषिद्ध. दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगायची, "१० वाजताच्या बाजूला, दोन सेंटिमीटर". पडद्यावर रेघ ओढायची असेल तर आधी चित्र गोठवायचं, कारण रेघ जागेवर राहते आणि खालचं चित्र सरकतं. "थांबा" हा शब्द फक्त हात थांबवण्यासाठी राखून ठेवा, दुसऱ्या कशालाही तो वापरू नका. ऐकणारा शब्द परत म्हणतो, मगच पुढची पायरी. आणि ओटीत हजर असलेला वरिष्ठ हाच निर्णय घेणारा, पडद्यावरचा नाही. हे सुरू करण्यापूर्वी मोठ्याने बोलून घ्या.

शस्त्रक्रिया करणाऱ्याला हेडसेट द्या. मास्कमधून छताच्या माइकपर्यंत काही पोचत नाही. सॉफ्टवेअरचं आवाज गाळणं मात्र ओटीत सौम्य ठेवा, ते पल्स ऑक्सिमीटरचा सूरही गोंगाट समजून पुसून टाकतं. सूर खाली उतरतोय, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन घटतोय, हे लांबच्या रेसिडेंटलाही ऐकू यायला हवं.

मृण्मयी

खूप उपयोगी पडतंय हे सगळं, धन्यवाद. दोन केंद्रांत टीव्हीवर तो साउंड मोड चालू निघाला. आता तीन उपप्रश्न. रेकॉर्डिंग करावं का? मधेच लाइन गेली तर? आणि सर्जरीच्या रेसिडेंट्सचा हात बघायचा असेल, म्हणजे टाके, गाठी, तर ते व्हीसीवर होतं का?

पाठचा बाक

रेकॉर्डिंग मुळात बंद ठेवा. केसची चर्चा रेकॉर्ड होतेय म्हटलं की "मी हे चुकवलं" असं कोणी बोलत नाही, आणि शिकण्यासारखं तेच असतं. रुग्णाची संमती थेट दाखवण्यासाठी वेगळी आणि साठवण्यासाठी वेगळी घ्यायची, एका सहीत दोन्ही उरकायची नाहीत. टॉवरच्या पडद्याच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव छापून येतं, जोडणी करण्याआधी ते बंद करायचं. तोंडी नाव घेतलं जाऊ नये म्हणून ओटीत सगळ्यांना "आजचा रुग्ण" एवढंच म्हणायला सांगा. वेटिंग रूम चालू ठेवा आणि "आयफोन" नावाने आलेल्याला नाव लिहिल्याशिवाय आत घेऊ नका.

तारजोडणी

शस्त्रक्रिया शिकवायला थेट प्रक्षेपण लागतंच असं नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं. टॉवरच्या स्वतःच्या रेकॉर्डरवर पूर्ण दर्जाचं चित्र साठतं. त्यातून १० ते १५ मिनिटांची क्लिप कापा, कोपऱ्यात चालू वेळ छापा, आवाज काढून टाका आणि सहाही केंद्रांना आदल्या रात्री पाठवा. सत्रात प्रत्येकाने आपल्याकडेच चालवायची. शिकवणारा म्हणतो, "४ मिनिटं १० सेकंदांवर थांबा." लाल रंगही टिकतो, उड्याही नाहीत, आणि लाइनवर फक्त आवाज आणि चेहरे. थेट फक्त ते दाखवा ज्यात पुढे काय होणार ते माहीत नसण्यालाच अर्थ आहे.

लाइन गेल्यावरचं आधी ठरवून ठेवा. पहिली पायरी, सगळे कॅमेरे बंद, आवाज राहू द्या. दुसरी, मोबाइल डेटावर हॉटस्पॉट, आणि त्यासाठीचं सिम कार्ड आधीच चालवून बघितलेलं असावं. तिसरी, साधा फोन स्पीकरवर. स्लाइड आणि क्लिप केंद्राकडे आधीच असल्याने तास फोनवरही पूर्ण होतो. त्या केंद्राचा नंबर सूत्रधाराच्या कागदावर असू द्या, शोधत बसू नका. राउटर आणि स्पीकरफोन यूपीएसवर, टीव्ही नसला तरी चालेल.

गॅसमन

हाताचं काम व्हीसीवर छान होतं, कारण ते बॉक्स ट्रेनरवर (सरावाच्या पेटीवर) होतं आणि विलंबाने रुग्णाला काही होत नाही. कॅमेरे मात्र दोन हवेत. एक बॉक्सच्या आतला. दुसरा, साधा मोबाइल स्टँडवर, समोरून तिरका, ज्यात रेसिडेंटचे खांदे, कोपरं आणि मनगटं दिसतात. आतल्या चित्रात सुई नीट पकडलेली दिसते. बाहेरच्यात कळतं की उजवा कोपर खांद्याच्या उंचीवर गेलाय, म्हणजे टेबल उंच आहे किंवा पोर्टचा (हत्यार आत घालायच्या छिद्राचा) कोन चुकलाय. आतलाच कॅमेरा बघत बसलात तर अर्धा तास "सुई फिरव" म्हणत राहाल आणि दुरुस्ती टेबलाच्या उंचीत असेल.

काम मोजता येईल असं द्या. एफएलएसमधलं (लॅप्रोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेतलं) पेग ट्रान्सफर सोपं: सहा ठोकळे डाव्या ग्रास्परने (लांब चिमट्याने) उचलायचे, हवेतच उजव्यात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर ठेवायचे आणि तसेच परत आणायचे. कमाल वेळ ३०० सेकंद, प्रावीण्याचं लक्ष्य ४८ सेकंद. घड्याळ रेसिडेंटच्या बाजूला, चौकटीत दिसेल असं लावा. तुमच्या बाजूला लावलंत तर लाइन अडखळली की वेळही चुकेल. रोजच्या सरावाच्या क्लिप त्यांनी स्वतः काढून आठवड्याला एक, सगळ्यात वाईट गेलेली, पाठवायची. चांगलीच पाठवायला लागले तर बघण्यासारखं काही उरत नाही.

गाठींसाठी बॉक्सही नको. दोरा दोन रंगांचा द्या, प्रत्येक टोक वेगळं. एका रंगाचा दोरा पडद्यावर दिसतो खरा, पण कुठलं टोक वर गेलं ते कळत नाही, आणि चौकोनी गाठ पडली की सरकती हे तिथेच ठरतं.